न्यायासनाच्या परीक्षेतील दिवाणी प्रश्न आणि व्यापारी समाज

(सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त कोपरी, ठाणे (पूर्व) येथे झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कोपरीहून दर्शनासाठी निघालेला श्रावक रेल्वे स्थानक ओलांडून टेंभी नाक्यावरील श्री मुनिसुव्रतस्वामींच्या जिनालयात पोहोचतो. श्रीपाल राजाच्या कथेमुळे ठाणे नगरीला जैन परंपरेत आगळे स्थान लाभले आहे. त्या जिनालयापासून थोड्याच अंतरावर कोर्ट नाका आहे आणि तेथे ठाण्याचे जिल्हा न्यायालय आहे. पहिल्या ठिकाणी मनुष्य श्रद्धेने जातो. दुसऱ्या ठिकाणी जाण्याची वेळ येऊ नये, अशी प्रार्थना करतो. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, ही म्हण व्यापारी घरांत लहानपणापासून कानांवर पडते. परंतु ती पायरी वादी आणि प्रतिवादी यांच्याप्रमाणे न्यायाधीशही चढतो, आणि तोही कोणाच्या तरी घरातूनच आलेला असतो, हे सहसा ध्यानात येत नाही.

समाजातील मुले-मुली सनदी लेखापाल होतात, डॉक्टर आणि अभियंते होतात, पिढीजात पेढी सांभाळतात. दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेचा विचार मात्र फार थोड्या घरांत होतो. ही परीक्षा म्हणजे कलमांची घोकंपट्टी, असा समज त्याच्या मुळाशी आहे. प्रत्यक्षात या परीक्षेत विचारले जाणारे दिवाणी प्रश्न हे उधारी, भागीदारी, वाटणी, भाडे आणि धर्मादाय संस्था यांचेच प्रश्न असतात. दुकानाच्या गादीवर जे रोज घडते, तेच प्रश्नपत्रिकेत अवतरते. प्रस्तुत व्याख्यानाचा हेतू त्यांपैकी काही प्रश्न सोडवून पाहण्याचा आहे. विद्यार्थ्यांना त्यांतून अभ्यासाची दिशा मिळावी आणि वडीलधाऱ्यांना व्यवहारातील काही चुका वेळीच दिसाव्यात, एवढीच अपेक्षा आहे.

परीक्षेचे स्वरूप

'दिवाणी न्यायाधीश (कनिष्ठ स्तर) व न्यायदंडाधिकारी (प्रथम वर्ग)' हे या पदाचे पूर्ण नाव. राज्यघटनेच्या अनुच्छेद २३४ नुसार राज्य लोकसेवा आयोग आणि उच्च न्यायालय यांच्याशी विचारविनिमय करून राज्यपाल या पदावर नेमणूक करतात. महाराष्ट्र लोकसेवा आयोगाने घेतलेल्या परीक्षांत प्रथम १०० गुणांची वस्तुनिष्ठ पूर्वपरीक्षा, नंतर प्रत्येकी १०० गुणांच्या दोन लेखी प्रश्नपत्रिका आणि शेवटी ५० गुणांची मुलाखत, असे टप्पे राहिले आहेत. निवड झालेल्यांचे प्रशिक्षण ज्या महाराष्ट्र न्यायिक अकादमीत होते, ती भाईंदरजवळ उत्तन येथे, म्हणजे याच ठाणे जिल्ह्यात आहे.

दिवाणी भागाचा कणा म्हणजे दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८. तिच्या जोडीला भारतीय करार कायदा, १८७२. मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२. विनिर्दिष्ट अनुतोष कायदा, १९६३ आणि मुदतीचा कायदा, १९६३ यांची नीट ओळख लागते. १ जुलै २०२४ पासून फौजदारी कायदे आणि पुराव्याचा कायदा नवे आले. दिवाणी प्रक्रिया संहिता मात्र वेळोवेळी दुरुस्त होत आजही १९०८ चीच आहे. जिल्हा पातळीवरील आणि त्याखालील न्यायालयांची भाषा मराठी असावी, असा निर्णय महाराष्ट्र शासनाने १९९८ साली घेतला. म्हणून मराठी माध्यमात शिकलेल्या विद्यार्थ्याने न्यूनगंड बाळगण्याचे कारण नाही.

प्रश्न पहिला : उधारी आणि मुदत

कोपरीतील एका कापड व्यापाऱ्याने कल्याणच्या दुकानदाराला १० जून २०२२ रोजी चार लाखांचा माल उधारीवर दिला, असे समजा. पैसे कधी द्यायचे ते ठरले नव्हते. दोघांचे जुने संबंध असल्यामुळे तगादा लावण्यास संकोच वाटला. दिवाळी आली, गेली. पर्युषण आले, गेले. दावा कधीपर्यंत लावता येईल?

मुदतीच्या कायद्याच्या परिशिष्टातील अनुच्छेद १४ नुसार, उधारीची मुदत ठरलेली नसेल, तर माल पोहोचविल्यापासून तीन वर्षे मिळतात. म्हणजे १० जून २०२५ हा शेवटचा दिवस. उधारी साठ दिवसांची ठरली असती, तर अनुच्छेद १५ नुसार ते साठ दिवस संपल्यापासून तीन वर्षे मोजली असती. परीक्षार्थी येथेच पहिली चूक करतो. दोन्ही अनुच्छेदांना एकच उत्तर देतो.

आता प्रश्न पुढे सरकतो. कल्याणच्या दुकानदाराने ५ मे २०२५ रोजी बाकी कबूल असल्याच्या कागदावर सही केली. कलम १८ नुसार मुदत संपण्यापूर्वी केलेली लेखी व सहीची कबुली असेल, तर त्या दिवसापासून नवी मुदत सुरू होते. व्यापाऱ्याला ५ मे २०२८ पर्यंत अवधी मिळाला. हीच सही ५ जुलै २०२५ रोजी, मुदत संपल्यानंतर झाली असती, तर कलम १८ उपयोगी पडले नसते. परंतु त्या कागदावर केवळ बाकीची कबुली नसून रक्कम फेडण्याचे स्पष्ट वचन असते, तर करार कायद्याच्या कलम २५(३) नुसार ते वचन नवा करार म्हणून टिकले असते. कबुली आणि वचन यांतील हा भेद परीक्षकांचा आवडता आहे, आणि व्यापाऱ्यांना तो बहुधा फार उशिरा कळतो.

आणखी दोन गोष्टी. प्रतिवादीने मुदतीचा आक्षेप घेतला नाही, तरी कलम ३ नुसार न्यायालयाने मुदतबाह्य दावा फेटाळलाच पाहिजे. विलंब माफ करण्याची कलम ५ ची तरतूद अपील आणि अर्ज यांना लागू आहे, मूळ दाव्याला नाही. व्यापारी म्हणतो, 'साहेब, नात्याची भीड पडली.' न्यायाधीशाला ती भीड मान्य करण्याचा अधिकारच कायद्याने दिलेला नाही.

मग मुदत टळली म्हणजे कर्ज संपले का? हाही परीक्षेचा प्रश्न आहे आणि धर्माचाही. मुंबईच्या बॉम्बे डाइंग या कापड गिरणीने मुंबई राज्याविरुद्ध चालविलेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने याचे उत्तर दिले. तो निवाडा १९५८ च्या निकालसंग्रहांत आहे. मुदत संपल्याने कर्ज नष्ट होत नाही, ते न्यायालयामार्फत वसूल करण्याचा मार्ग तेवढा बंद होतो, असे न्यायालयाने स्पष्ट केले. स्थावर मालमत्तेबाबत मात्र कलम २७ चा अपवाद आहे. तेथे ताबा मागण्याची मुदत संपली की हक्कही संपतो. अचौर्य व्रत मानणाऱ्या घरांनी या निवाड्यातील पहिला भाग अधिक लक्षात ठेवावा. न्यायालयाचे दार बंद झाले, तरी देणे शिल्लक राहते.

वहीबद्दलही एक शब्द. पूर्वीच्या पुरावा कायद्याच्या कलम ३४ मध्ये असलेली तरतूद आता भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम २८ मध्ये आहे. नियमितपणे ठेवलेल्या हिशेबवहीतील नोंद पुराव्यात येते. परंतु केवळ त्या नोंदीवरून कोणावरही देण्याची जबाबदारी लादता येत नाही. बिल, पोचपावती, वाहतुकीचा कागद असा आधार सोबत लागतो. रोजमेळ कितीही स्वच्छ असला, तरी तो एकटा पुरत नाही.

शिवाय ही रक्कम चार लाखांची आहे आणि व्यवहार व्यापारी स्वरूपाचा आहे. वाणिज्यिक न्यायालये कायदा, २०१५ मध्ये २०१८ साली झालेल्या दुरुस्तीनुसार तीन लाख आणि त्यावरील व्यापारी वाद या कायद्याखाली येतात. तातडीच्या अंतरिम आदेशाची गरज नसेल, तर कलम १२-अ नुसार दाव्यापूर्वी मध्यस्थीचा मार्ग चोखाळावाच लागतो. ही अट सक्तीची आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने पाटील ऑटोमेशनच्या खटल्यात २०२२ साली ठरविले. मध्यस्थीत गेलेला काळ मुदतीतून वगळला जातो. एका उधारीच्या प्रश्नात अनेक कायदे कसे एकत्र येतात, ते यावरून दिसेल.

प्रश्न दुसरा : दूरध्वनीवरचा सौदा

'दावा कोणत्या गावी लावायचा?' हा प्रश्न व्यापाऱ्याला नेहमी पडतो. संहितेच्या कलम १६ नुसार स्थावर मालमत्तेचा दावा जेथे मालमत्ता तेथे लावावा. कलम २० नुसार इतर दावे प्रतिवादी जेथे राहतो वा धंदा करतो तेथे, किंवा दाव्याचे कारण पूर्णतः वा अंशतः जेथे घडले तेथे लावता येतात.

याचे उत्कृष्ट उदाहरण विदर्भातील खामगावचे आहे. २२ जुलै १९५९ रोजी अहमदाबादच्या व्यापाऱ्यांनी खामगावच्या केडिया जिनिंग फॅक्टरीशी दूरध्वनीवरून सरकी पेंडीचा सौदा केला. माल आला नाही, म्हणून ३१,१५० रुपयांचा दावा अहमदाबादच्या नगर दिवाणी न्यायालयात लावला गेला. खामगावकरांचे म्हणणे असे, की सौद्याला होकार खामगावात दिला, म्हणून करार खामगावात झाला. अहमदाबादच्या न्यायालयाला अधिकार नाही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. टपाल आणि तार यांचा नियम दूरध्वनीला लागू नाही. प्रस्ताव देणाऱ्याला होकार जेथे ऐकू येतो तेथे करार पूर्ण होतो, असे बहुमताने ठरले. म्हणून अहमदाबादच्या न्यायालयाचा अधिकार मान्य झाला.

या निवाड्यात न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांनी वेगळे मत दिले. ते पूर्वी नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती होते. करार कायद्याच्या कलम ४ चे शब्द जसे आहेत तसे वाचले, तर होकार जेथे उच्चारला तेथेच करार पूर्ण होतो, असा त्यांचा युक्तिवाद होता. विद्यार्थ्याने बहुमत लिहावे, पण अल्पमतही समजून घ्यावे. वस्तूला अनेक बाजू असतात, हे अनेकान्ताचे तत्त्व जन्मतः कानांवर पडलेल्या मुलाला ते अवघड जाऊ नये. मात्र न्यायाधीशाला दोन्ही बाजू समजून घेतल्यावर एका बाजूने निर्णय द्यावाच लागतो.

प्रश्न तिसरा : एकदा निकाली निघालेला वाद

कलम ११ मधील 'प्राङ्न्याय', म्हणजेच रेस ज्युडिकाटा, हे तत्त्व प्रत्येक परीक्षार्थी पाठ करतो. त्याच पक्षकारांमध्ये, त्याच मुद्द्यावर, सक्षम न्यायालयाने एकदा अंतिम निर्णय दिला, की तोच वाद पुन्हा उकरता येत नाही. कलम १० याहून वेगळे आहे. तेथे पहिला दावा अद्याप प्रलंबित असतो. म्हणून दुसऱ्या दाव्याची सुनावणी थांबते, दावा फेटाळला जात नाही.

खरी कसोटी कलम ११ च्या चौथ्या स्पष्टीकरणात आहे. पहिल्या दाव्यात जो बचाव घेता आला असता आणि घ्यायला हवा होता, तो घेतला नाही, तरी तो घेतल्यासारखाच धरला जातो. याच्या शेजारीच आदेश २, नियम २ उभा आहे. एकाच दाव्याच्या कारणातून निर्माण झालेली मागणी तुकड्यांत करता येत नाही. एकाच सौद्याच्या येणे रकमेपैकी निम्म्या रकमेचा दावा लावला आणि उरलेली सोडली, तर त्या उरलेल्या रकमेसाठी नंतर दावा करता येत नाही. स्वतंत्र सौद्यांची स्वतंत्र बिले असतील, तर मात्र प्रत्येकाचे कारण वेगळे ठरू शकते. 'कारण एक की अनेक?' याचा विचार केल्याशिवाय उत्तर लिहू नये.

प्रश्न चौथा : धर्मादाय संस्थेचा वाद

हा प्रश्न सुवर्णमहोत्सव साजरा करणाऱ्या संस्थेच्या जिव्हाळ्याचा आहे. दोन श्रावक विश्वस्तांवर नाराज झाले. हिशेब मिळावा आणि विश्वस्तांना दूर करावे, म्हणून त्यांनी थेट दिवाणी न्यायालयात दावा लावला. तो चालेल काय?

इतर अनेक राज्यांत विद्यार्थी संहितेच्या कलम ९२ कडे वळेल. महाराष्ट्रात तसे केल्यास गुण जातील. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा, १९५० च्या कलम ५२ ने येथील सार्वजनिक न्यासांना कलम ९२ ची तरतूद लागू ठेवलेली नाही. त्याऐवजी कलम ५० आहे. हितसंबंध असलेल्या दोन किंवा अधिक व्यक्तींना धर्मादाय आयुक्तांच्या लेखी संमतीने दावा लावता येतो. संमतीविना लावलेला दावा टिकत नाही. जे प्रश्न या कायद्याने धर्मादाय अधिकाऱ्यांकडे सोपविले आहेत, त्यांबाबत कलम ८० ने दिवाणी न्यायालयाची दारे बंद केली आहेत.

विश्वस्तांनीही काही तारखा जपल्या पाहिजेत. विश्वस्त मंडळात किंवा नोंदीत बदल झाल्यास कलम २२ नुसार नव्वद दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो. न्यासाची स्थावर मालमत्ता विकताना, अदलाबदल वा बक्षीस करताना, तसेच शेतजमीन दहा वर्षांहून अधिक आणि इतर मालमत्ता तीन वर्षांहून अधिक काळ भाडेपट्ट्याने देताना कलम ३६ नुसार पूर्वपरवानगी लागते. हेतू कितीही शुद्ध असला, तरी परवानगीचा कागद नसेल, तर पुढच्या पिढीतील विश्वस्त अडचणीत येतात.

या कायद्याच्या घटनात्मक वैधतेची लढाई एका जैन मंदिराच्या वहिवाटदारानेच लढविली, हे समाजातील तरुणांना ठाऊक असावे. 'रतिलाल पानाचंद गांधी विरुद्ध मुंबई राज्य' हा सर्वोच्च न्यायालयाचा १९५४ चा निवाडा. त्याच्या जोडीला मुंबईच्या पारशी पंचायतीच्या विश्वस्तांचेही अपील होते. नोंदणी, हिशेब आणि तपासणी यांची सक्ती न्यायालयाने वैध मानली. न्यासांकडून घेतली जाणारी वर्गणी हा कर नसून शुल्क आहे, असे म्हटले. परंतु धार्मिक न्यासाचे विश्वस्त म्हणून धर्मादाय आयुक्तांनाच नेमण्याची तरतूद, तसेच मूळ धार्मिक हेतू पार पाडणे शक्य असतानाही निधी दुसरीकडे वळविण्याची मुभा न्यायालयाने रद्द ठरविली. हिशेब राज्याला दाखवावा, पण धर्माचा कारभार धर्मबंधूंच्या हाती राहावा, ही रेषा या निवाड्याने आखून दिली. राज्यघटनेच्या अनुच्छेद २५ आणि २६ वरील प्रश्नात हा निवाडा आजही लिहावा लागतो.

प्रश्न पाचवा : लेकीचा वाटा

हा प्रश्न उत्तरपत्रिकेत लिहायला सोपा आणि घरात उच्चारायला अवघड आहे.

जैन समाजाला २७ जानेवारी २०१४ च्या अधिसूचनेने राष्ट्रीय पातळीवर अल्पसंख्याक दर्जा मिळाला. मग हिंदू विवाह आणि हिंदू वारसा हे कायदे जैनांना लागू राहिले का? इंदूरच्या कुटुंब न्यायालयाने २०२५ च्या आरंभी एका जैन दांपत्याच्या प्रकरणात हिंदू विवाह कायदा लागू नाही, अशी भूमिका घेतली होती. मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने त्याच वर्षी मार्चमध्ये तो आदेश रद्द केला. या दोन्ही कायद्यांच्या कलम २ मध्ये बौद्ध, जैन आणि शीख यांचा स्पष्ट उल्लेख आहे. अल्पसंख्याक दर्जाने तो पुसला जात नाही. हा वाद तसा जुनाच. वेगळी रूढी सिद्ध झाली नाही, तर जैनांना हिंदू कायदा लागू होतो, असा निवाडा मुंबई उच्च न्यायालयाने १८७३ साली भगवानदास तेजमल यांच्या प्रकरणात दिला होता.

वारसा कायदा लागू आहे, म्हणजे लेकीचा हक्कही लागू आहे. महाराष्ट्राने २२ जून १९९४ पासूनच एकत्र कुटुंबातील मुलीला सहदायिकाचा दर्जा दिला होता. मात्र त्यापूर्वी विवाह झालेल्या मुली त्यातून वगळल्या होत्या. ९ सप्टेंबर २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने तो भेद नाहीसा झाला. 'विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा' या खटल्यात ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की मुलीचा हा हक्क जन्माने मिळतो. २००५ साली वडील हयात असण्याची अट नाही. २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेल्या वाटण्या अबाधित राहतील. पण 'घरातल्या घरात तोंडी वाटणी झाली होती' एवढे म्हणणे पुरेसे नाही. सरकारी कागदपत्रांचा भक्कम आधार असेल, तेव्हाच अपवाद म्हणून ती मानली जाईल.

परीक्षार्थीने येथे दोन प्रकारच्या मालमत्तांत गल्लत करू नये. वडिलोपार्जित एकत्र मालमत्तेत मुलगी जन्मतः सहदायिक आहे. वडिलांच्या स्वकष्टार्जित मालमत्तेचे मृत्युपत्र ते इच्छेनुसार करू शकतात. मृत्युपत्र नसेल, तर मुलगा, मुलगी, पत्नी आणि वडिलांची आई यांना समान वाटा मिळतो.

व्यवहारात काय घडते? वडिलांच्या पश्चात बहिणीला माहेरी बोलावले जाते आणि तयार हक्कसोडपत्र तिच्यापुढे ठेवले जाते. स्थावर मालमत्तेचे हक्कसोडपत्र नोंदणीकृत असावे लागते, एवढी काळजी घेतली जाते. कागद वाचून दाखविण्याची काळजी मात्र घेतली जात नाही. बहीण भावाला दुखवू इच्छित नाही आणि सही करते. काही वर्षांनी तीच सही 'दबावाखाली घेतली' म्हणून दिवाणी न्यायालयात येते, आणि करार कायद्याच्या कलम १४ पासूनची मुक्त संमतीची कलमे एका कुटुंबाच्या तोंडी येतात. बहिणीने खुशीने हक्क सोडला, तर तो तिचा मोठेपणा. परंतु तिला आधी विचारले पाहिजे, तिचा वाटा किती होतो ते सांगितले पाहिजे, आणि तिने नकार दिला तर तोही सन्मानाने स्वीकारला पाहिजे. ज्या घरात हे आधी होते, त्या घराचा वाद न्यायालयापर्यंत सहसा जात नाही.

उत्तर कसे लिहावे?

परीक्षक कलमाचा क्रमांक पाहतो, परंतु त्याहून अधिक विचाराचा क्रम पाहतो. प्रथम वादातील तथ्ये थोडक्यात मांडावीत. मग मुद्दे काढावेत. संहितेचा आदेश १४ मुद्द्यांविषयीच आहे. एकाने विधान केले आणि दुसऱ्याने ते नाकारले, तेथे मुद्दा जन्माला येतो. प्रत्येक मुद्द्याचा पुराव्याचा भार कोणावर, ते लिहावे. त्यानंतर कलम, त्यानंतर निवाडा, आणि शेवटी प्रस्तुत तथ्यांवर त्याचा निष्कर्ष. मुद्दे चुकले, की निकाल चुकतो.

मनाई हुकुमाच्या प्रश्नात हा क्रम विशेष उपयोगी पडतो. आदेश ३९ खाली तीन गोष्टी पाहिल्या जातात : प्रथमदर्शनी बाजू, सोय-गैरसोयीचे पारडे आणि भरून न येणारी हानी. नियम ३ नुसार सामान्यतः दुसऱ्या बाजूला नोटीस दिल्यावाचून मनाई देऊ नये. तातडीमुळे द्यावी लागली, तर त्याची कारणे न्यायाधीशाने लिहावीत. दुसऱ्याचे ऐकल्याशिवाय मत बनवू नये, हाच या नियमाचा गाभा आहे.

हुकूमनामा मिळाला म्हणजे काम संपले, असे मात्र नाही. त्याच्या अंमलबजावणीची दरखास्त बारा वर्षांच्या आत करता येते आणि खरी दमछाक बहुधा तेथेच होते. अंमलबजावणी दाखल झाल्यापासून सहा महिन्यांत निकाली काढावी, असे सर्वोच्च न्यायालयाने 'राहुल शहा' प्रकरणात २०२१ साली बजावले. हे निर्देश प्रत्यक्षात आणणारा अधिकारी म्हणजे याच परीक्षेतून येणारा कनिष्ठ स्तराचा न्यायाधीश.

समाजाने काय करावे?

सर्वोच्च न्यायालयाने २० मे २०२५ रोजी या पदासाठी किमान तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा घालून दिली. ही अट १९९३ साली आली होती, २००२ साली शिथिल झाली होती. विद्यार्थ्यांनी प्रत्येक जाहिरातीतील पात्रतेच्या अटी बारकाईने वाचाव्यात. कायद्याची पदवी आणि त्यानंतर तीन वर्षे न्यायालयात वावर, असा हा दीर्घ मार्ग आहे. सुरुवातीच्या काळात तरुण वकिलाची प्राप्ती तुटपुंजी असते. हुशार मुलगा किंवा मुलगी याच टप्प्यावर मार्ग सोडते.

येथे कुटुंब आणि न्यास यांचे साहाय्य मोलाचे ठरेल. दुकानात नवा माल भरताना व्यापारी सहा महिने वाट पाहतो. मुलासाठी तीन वर्षे थांबणे त्याला अशक्य नाही. न्यासाने पाठशाळेचा हॉल सायंकाळी अभ्यासिकेसाठी खुला ठेवावा. मूळ कायद्यांची मराठी आणि इंग्रजी पुस्तके, नवीन दुरुस्त्यांसह, तेथे असावीत. समाजातील ज्येष्ठ वकिलांनी महिन्यातून एक रविवार द्यावा आणि विद्यार्थ्यांकडून मुद्दे काढून घ्यावेत. ठाण्यात विधी महाविद्यालय आहे, १८९३ साली स्थापन झालेले मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, जिल्हा न्यायालय आहे. कोपरीच्या विद्यार्थ्याला यांपैकी कशासाठीही गाव सोडावे लागत नाही. सुट्टीच्या दिवसांत एखादा विद्यार्थी न्यायालयात मागच्या बाकावर बसून केवळ साक्षी-पुरावे ऐकत राहिला, तरी पुस्तकातील अनेक कलमे त्याला उमगतील.

न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे १८७१ साली पुण्यात प्रथम वर्ग सबॉर्डिनेट जज्ज झाले. उच्च न्यायालयाच्या आसनावर ते १८९३ साली बसले. मधली बावीस वर्षे सामान्य माणसांचे दावे ऐकण्यात गेली. पहिली पायरी लहान नसते, हे यावरून ध्यानात यावे.

सामान्य माणसाला सर्वोच्च न्यायालय क्वचितच दिसते. त्याला दिसतो तो तालुक्याचा न्यायाधीश. विधवेचे घरभाडे, दुकानदाराची उधारी, बहिणीचा वाटा, मंदिराची जमीन यांचा पहिला निर्णय तोच देतो. त्या आसनावर बसणारी व्यक्ती अभ्यासू, निर्लोभ आणि दोन्ही बाजू ऐकून घेणारी असावी, अशी अपेक्षा सर्वच करतात. तशी व्यक्ती आपापल्या घरात घडविण्याची जबाबदारी मात्र कोणीतरी उचलावी लागते. सुवर्णमहोत्सवी वर्षात या न्यासाने आणि येथील कुटुंबांनी ती उचलावी. पुढील काही वर्षांत कोपरीतील एखादी कन्या वा पुत्र उत्तनच्या अकादमीत दाखल झाला, तर या महोत्सवाचे ते चिरस्थायी फलित ठरेल.

या विवेचनात जिनाज्ञेविरुद्ध अथवा कोणाचेही मन दुखावेल असे काही बोलले गेले असल्यास मन-वचन-कायेने मिच्छामि दुक्कडम्.

जय जिनेंद्र!